मंडळाचा निधी : ओपन जिम की आणखी काही? (बडोदे)

लकडीपूल
नमस्कार. आमचे मंडळ दांडियाबाजार भागातले. गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि वर्षातून एकदा रक्तदान, एवढाच पसारा. यंदा एका सभासदांनी आईच्या स्मरणार्थ मोठी रक्कम दिली आहे. अट एकच, ती लोकांच्या तब्येतीच्या कामी लागली पाहिजे.

कार्यकारिणीचे जवळपास ठरलेच आहे : पटांगणात ओपन जिम. लोखंडी यंत्रे येतील, कोणीतरी पाहुणे नारळ फोडतील, आईंच्या नावाची पाटी लागेल. पाटीला माझी ना नाही. त्या यंत्रांवर येणार कोण, हा माझा प्रश्न आहे. यादी मी आजच देऊ शकते. जे काका रोज पहाटे कमाटीबागेत जातात, तेच परतताना इथे हातपाय हलवतील. चांगलेच आहे, पण ते आधीपासून चालतातच. त्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका, खालचा वॉचमन, मागच्या चाळीतल्या मुली, आमच्याच सभासदांच्या निम्म्या सुना, यांतले कोणी तिथे फिरकणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला होता. त्यानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. आणि 'पुरेशी' म्हणजे फार काही नाही, आठवड्याला १५० मिनिटे जरा धाप लागेल असे चालणे.

तर विचारायचे हे : जे येत नाहीत ते येतील, असे काही तुमच्या गावात, मंडळात, सोसायटीत कोणी करून पाहिले आहे का? शनिवारी बैठक आहे. तिथे नुसते 'मला वाटते' म्हणून भागणार नाही.

निवांत
आमच्या सोसायटीच्या ओपन जिमवर टॉवेल फार छान वाळतात.

कमाटीबाग_रोज
लकडीपूल, यादीतले काका बहुधा आम्हीच. राग नाही. पण एक सांगा, आम्हाला कोणी उचलून बागेत नेले होते का? सयाजीराव महाराजांनी १८७९ साली बाग केली. चालायला पैसे पडत नाहीत, पायात चपला असल्या की झाले. ज्याला यायचे असते तो येतो. बाकी सगळ्या सबबी. लोकांना मोबाइल बघायला तीन तास मिळतात आणि चालायला तीस मिनिटे मिळत नाहीत. मंडळाने यंत्रे ठेवावीत. घोड्याला पाण्यापर्यंत नेता येते, पाणी त्याचे त्यानेच प्यायचे.

निवांत
आणि पाण्यानंतर फाफडा.

कमाटीबाग_रोज
फाफडा फक्त रविवारी. (जिलबी सोडली आहे.)

दुपारचा_चहा
काका, एक विचारू का? पहाटे साडेपाचला तुम्ही बागेत असता तेव्हा तुमच्या घरी दूध कोण तापवते?

माझे सांगते. साडेपाचला नळाला पाणी येते. सहाला कणीक. पावणेसातला एकाची स्कूलव्हॅन, साडेसातला दुसरीची. मध्ये सासूबाईंची शुगर तपासायची, त्यांना आधी खायला द्यायचे. नऊला मी ऑफिसला. संध्याकाळी याच गोष्टी उलट क्रमाने. सबब म्हणा हवे तर.

आणि ही झाली माझी गोष्ट, माझ्याकडे निदान स्कूटर आहे. आमच्याकडे येणाऱ्या मावशी तरसाळीहून शटल रिक्षा बदलत येतात, इथली पाच घरे करतात आणि परत जाऊन स्वतःचे घर करतात. त्यांनी बागेत जायचे ते कधी? समजा गेल्या, तर बाईमाणसाला आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात : उजेड आहे का आणि संडास उघडा आहे का. आमच्या भागातल्या एका बागेत बायकांच्या बाजूला कायम कुलूप असते, चावी कोणाकडे ते माळ्यालाही माहीत नाही. साडीत पाय उचलून त्या यंत्रावर बसायचे आणि समोर कट्ट्यावर चार टवाळ पोरे. कोण येईल?

सुरसागर_पाळ
+१, कुलपासाठी वेगळे +१.

अलकापुरी_रिटर्न
कामवाल्या मावशींचा मुद्दा पटला नाही. त्या दिवसभर वाकतात, उठतात, जिने चढतात. त्यांना आणखी व्यायाम कशाला? व्यायाम आपल्यालाच हवा, खुर्चीवर बसून पोट सुटलेल्यांना.

फिजिओताई
अलकापुरी, हे वाक्य मी माझ्या टेबलाशी आठवड्यातून चारदा ऐकते, म्हणून जरा लांब लिहिते.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर बसचा जिना चढत-उतरत. पगार साधारण एका थरातला, वस्ती तीच. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिरा. हालचालीचा हृदयाशी संबंध आहे, हे शास्त्राने गांभीर्याने घेतले ते तिथून पुढे.

त्यावरून सगळ्यांनी धरून चालले की अंगमेहनत म्हणजेच व्यायाम. अलीकडे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी वेगळेच दाखवले. फावल्या वेळात, आपल्या मर्जीने केलेली हालचाल हृदयाला मानवते. कामावर आठ-दहा तास करावी लागणारी मेहनत तसा फायदा देत नाही, काही अभ्यासांत तर धोका वाढलेला दिसतो. कारण उघड आहे. थांबायचे कधी, हे काम करणाऱ्याच्या हातात नसते. रक्तदाब तासन्तास चढा राहतो. वाकून लादी पुसताना कंबर एकाच कोनात अडकलेली, पिळे घालून मनगटे गेलेली, आणि मध्ये विश्रांती नाही. व्यायामात शरीराला ताण देतो आणि मग सावरायला वेळ देतो. इथे ती दुसरी पायरीच गायब.

माझ्याकडे चाळिशीतल्या मावशी येतात, ज्यांना खुर्चीचा हात न धरता उठता येत नाही. दिवसभर राबणाऱ्या बायका. मांडीचे स्नायू कमजोर, गुडघे दुखरे, खांदा अर्धाच वर जातो. त्यांना स्नायू बळकट करणारे, दहा-पंधरा मिनिटांचे, नीट शिकवलेले व्यायाम हवे असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस बळकटीचे व्यायामही सांगतात. ते कोणाच्या लक्षातच राहत नाही. आणि ओपन जिमची बरीच यंत्रे नुसती झुलतात, वजन वाढवायची सोय त्यांत नसते. सांधे मोकळे होतात, ताकद फारशी येत नाही.

शंकेखोर
मॉरिससाहेबांच्या गोष्टीचा पुढचा भाग राहिला. त्यांनीच १९५६ साली बसवाल्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पँटचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला, अगदी तरुण ड्रायव्हरांचासुद्धा. म्हणजे स्टिअरिंगवर बसून पोट सुटले असेलही, पण जाड माणूसच मुळात ड्रायव्हर होत असेल. मग फरक जिन्याचा किती आणि आधीचा किती?

तीच शंका डेन्मार्कलाही. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस गरीब असतो, जास्त तंबाखू खातो, कमी झोपतो, डॉक्टरकडे उशिरा जातो. या सगळ्याचा हिशेब आकड्यांतून पूर्ण वजा होत नाही. तेव्हा 'काम केल्याने हृदय बिघडते' असा फलक मंडळात लावू नका.

फिजिओताई
बरोबर, आणि ते संशोधकही यावर अजून भांडत आहेत. काम वाईट, असे माझे म्हणणे नाही. 'काम करते म्हणजे तिला व्यायामाची गरज नाही', हे मात्र माझ्या टेबलावर रोज खोटे ठरते. गुडघ्याला डेन्मार्क लागत नाही.

मगरमित्र
मंडळाने विश्वामित्री नदीच्या काठाने जॉगिंग ट्रॅक करावा. मागे मगर असली की वेग आपोआप वाढतो. सभासद, बिगरसभासद असा भेदभाव ती करत नाही.

सुरसागर_पाळ
ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या स्वतःच सोसायट्यांत आल्या होत्या. आमच्या इमारतीतले सांधेदुखीवाले काका जिना किती झरझर चढतात, ते तेव्हा कळले.

जुनी_तालीम
बडोद्याच्या धाग्यावर अजून कोणी जुम्मादादांचे नाव घेतले नाही, म्हणून घेतो. जुम्मादादा व्यायाम मंदिर. उस्ताद मुसलमान, त्यांची गादी चालवणारे शिष्य प्रोफेसर माणिकराव हिंदू, आणि शिष्याने आखाड्याला नाव दिले ते गुरूचे. मल्लखांब, कुस्ती, लाठी सगळे तिथे. माणिकरावांनी सांघिक कवायत बसवली आणि तिच्या आज्ञा इंग्रजीतून काढून देशी भाषेत आणल्या. हाडे बसवण्यातही त्यांचा हात होता, मोडलेली माणसे लांबून यायची.

स्वामी कुवलयानंद माहीत असतील. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, आपल्या डभोईचा. १९०७ ते १९१० ते माणिकरावांकडे शिकले. पुढे १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगासने प्रयोगशाळेत तपासायला घेतली. आज लोक विमानाने जाऊन हजारो रुपये भरून जो योग शिकतात, त्याचे एक मूळ आपल्या आखाड्याच्या तांबड्या मातीत आहे.

मुद्दा असा की फी, ट्रॅकसूट, सदस्यत्व यातले काही लागत नसे. आखाड्यात उतरले की लंगोट सगळ्यांचा सारखा.

दुपारचा_चहा
लंगोट म्हणालात आणि तिथेच अर्धे गाव बाहेर राहिले.

जुनी_तालीम
😀 मान्य. पण याच बडोदे राज्याने १८९३ ला अमरेली भागात आणि १९०६ ला सगळीकडे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलींनाही. शाळा उघडून 'ज्याला यायचे तो येईल' म्हणत राज्य बसले नाही. कमाटीबाग काका, हे तुमच्या घोड्यासाठी.

कमाटीबाग_रोज
मग आता व्यायामाची सक्ती करायची? न चालणाऱ्याला दंड?

जुनी_तालीम
दंड नको. पण मुली शाळेत का येत नाहीत, हा प्रश्न त्या काळी राज्याने आपला मानला होता, एवढेच म्हणतो.

मोरारकर
ग्वाल्हेरहून हजेरी. आमच्या गावात शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ पासून आहे, आता त्याला विद्यापीठाचा दर्जा आहे. देशभरातले क्रीडाशिक्षक इथे शिकून जातात. आम्ही भिंतीबाहेर उभे राहून गजक खातो.

सराफा_रात्री_दहा
इंदूर : अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात, पुढे आखाडे, लाठी-पट्टा फिरवत. गिरण्या बंद पडून वर्षे झाली तरी झांक्या निघतात. त्या आखाड्यांत हल्ली पोरीही दिसतात, आणि त्या कष्टकरी वस्त्यांतल्याच असतात. त्यांना कोणी 'फिटनेस' म्हणून बोलावलेले नसते. मिरवणुकीत सगळ्या शहरासमोर फिरवायला मिळते म्हणून येतात. दोन महिने आधीपासून रोज सराव. लकडीपूल, तुमच्याकडे गणपती आहेच की.

(अवांतर : पोहे-जिलबी हा व्यायामानंतरचा सर्वोत्तम आहार आहे. फिजिओताईंनी वाचू नये.)

फिजिओताई
वाचले.

शेरीतली
गणपती कशाला, बडोद्यात गरबा आहे! नऊ रात्री बायका तीन-तीन तास खेळतात, घाम निथळतो, कोणाला सांगावे लागत नाही. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या यादीतही गेला. पण मोठ्या मैदानांवर पास, चनियाचोळी, पार्किंग. आमच्या पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, शेरी गरब्यात मात्र भाजीवाली बेन, डॉक्टरीणबाई, आम्ही मराठी, सगळ्या एका वर्तुळात. मध्ये दिवा आणि गरबी, पैसे शून्य. मला वाटते महिन्यातून दोनदा गरबाच ठेवावा.

दुपारचा_चहा
पटले. फक्त उरलेले अठ्ठावीस दिवसही हिशेबात धरा.

फिजिओताई
आणि दसऱ्यानंतर माझ्याकडे लागणारी गुडघ्यांची रांगही. आधी मांड्या बळकट करा, मग फेर धरा.

लेस्टरवाला_बडोदेकर
इथून एक उदाहरण. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये काही जण शनिवारी सकाळी पाच किलोमीटर पळाले, त्यातून पार्करन उभे राहिले. आता दर शनिवारी असंख्य बागांत होते. संपूर्ण फुकट, स्वयंसेवकांवर चालते, चाललात तरी चालते, शेवटून पहिले यावे लागू नये म्हणून एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो. डॉक्टर लोकही रुग्णांना पाठवतात.

तरीही गरीब वस्त्यांतून येणारे कमीच, आणि बाग जवळ असूनही कमी. लोकांनी यावर अभ्यास केले आहेत. फी काढून टाकणे सोपे होते, ती काढली. पण शनिवारी सकाळी नऊला मोकळे असणे, 'इथे माझ्यासारखे लोक असतात' असे वाटणे, हे राहिलेच. आमच्या रस्त्यावरच्या गुजराती मावश्या पार्करनला येत नाहीत. त्या मंदिराच्या हॉलमधल्या खुर्चीवरच्या व्यायामाला येतात, कारण तिथे भजन आहे, मैत्रिणी आहेत आणि नंतर चहा आहे.

निवांत
म्हणजे सगळ्या संशोधनाचे सार : चहा.

सुरसागर_पाळ
बोगोटात १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद करतात, शंभराहून जास्त किलोमीटर. आपल्याकडे रावपुऱ्यात दहा मीटर फुटपाथ मोकळा करून दाखवा, मी मंडळाला देणगी देतो.

लकडीपूल
सगळे वाचतेय, आभार. मधल्या दोन दिवसांत मी एक साधे काम केले. आमच्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत कामाला येणाऱ्या बायकांना जिन्यात गाठून विचारले. सगळ्या नाही बोलल्या. ज्या बोलल्या त्यांचे असे :

'व्यायाम' म्हटल्यावर हसल्या. 'गुडघे आणि खांदे दुखायचे थांबतील असे काही' म्हटल्यावर थांबल्या. दुपारी दोन ते चार दोन कामांच्या मध्ये मोकळा वेळ असतो, पण घरी जाऊन यायचे तर रिक्षाचे भाडे जाते, म्हणून त्या जिन्यातच बसतात. एवढी वर्षे मी तो जिना चढते, तिथे त्या का बसतात हे मला आता कळले. पंखा, पाणी, संडास आणि अर्धा तास पाठ टेकायला जागा मिळाली तर येऊ म्हणाल्या. एकीने विचारले, 'शेठाणी काय म्हणेल?' हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

मंडळाचा हॉल दुपारी रिकामाच असतो.

कमाटीबाग_रोज
हे मात्र जरा विचार करून. हॉल सभासदांच्या वर्गणीतून बांधलेला आहे. आज या येतील, उद्या आणखी कोणी येईल. वस्तू हरवल्या तर जबाबदार कोण? माझा विरोध व्यक्तीला नाही, पायंड्याला आहे.

दुपारचा_चहा
कोजागिरीला मसाला दुधाची पातेली घासायला त्याच येतात ना? तेव्हा हॉलमधून काय हरवले होते?

अलकापुरी_रिटर्न
दुपारचा_चहा, काका वयाने मोठे आहेत, जरा सांभाळून.

दुपारचा_चहा
मावशीही वयाने मोठ्या आहेत.

संपादक
व्यक्तिगत नको. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

शंकेखोर
काकांचा जबाबदारीचा प्रश्न मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. अशा गोष्टी उत्साहात सुरू होतात आणि चावीवरून बंद पडतात. कुलूप कोण उघडणार, कोण लावणार, शिकवणारी आली नाही तर काय, हे बैठकीत कागदावर मांडा. शिकवणारीला मानधन ठरवा. फुकटचे स्वयंसेवक तीन महिने टिकतात. आणि किती आल्या हे मोजू नका, त्यापेक्षा परत किती आल्या ते मोजा.

फिजिओताई
खर्च सांगते. चटया, न घसरणाऱ्या खुर्च्या (हॉलमध्ये आहेतच), थोडे रबरी पट्टे, पंख्यांचे बिल, शिकवणारीचे मानधन. यंत्रांच्या मानाने काहीच नाही. एप्रिल-मेमध्ये बडोद्यात दुपारी उन्हातले लोखंडी यंत्र हाताला चटका देते, हेही बैठकीत सांगा.

काय करायचे : खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पट्ट्याने खांदे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, मग पाठ टेकून दहा मिनिटे. लादी पुसताना गुडघा आणि कंबर कशी ठेवायची, हेही शिकवता येते. लांब दांड्याचा पोछा मालकिणीने आणून दिला तर आणखी बरे. त्याला मंडळाचा निधी लागत नाही.

शेरीतली
आणि शेवटी एक गरबा.

फिजिओताई
बरं, एक.

सराफा_रात्री_दहा
वॉचमनचे काय झाले? पहिल्या पोस्टमध्ये होता.

फिजिओताई
बारा तासांची ड्यूटी, बसायला मोडकी खुर्ची, झोप तुटक. त्याला आधी झोप आणि बरी खुर्ची हवी. त्याचे उत्तर हॉलमध्ये नाही, त्याला ठेवणाऱ्या सोसायटीकडे आहे.

लकडीपूल
बैठक झाली. दोन तास. कमाटीबाग काकांनी विरोधात मत दिले आणि तसे मोकळेपणी सांगितले. ठरले ते असे : देणगीदारांना फोन केला, ते म्हणाले आईची पाटी हॉलच्या दारावर लागली तरी चालेल. (आधीच विचारले असते तर एक बैठक वाचली असती.) मोठी यंत्रे रद्द. पटांगणात एक मल्लखांब आणि लोंबकळायचा दांडा, चाळीतल्या मुलांमुलींसाठी, शिकवायला माणूस मिळाला तर. हॉल आठवड्यातून तीन दुपारी दोन ते चार उघडा, सभासदांच्या सुनांनाही आणि बाहेरच्यांनाही, एकाच रजिस्टरवर. सहा महिने करून बघायचे. एक चावी माझ्याकडे आणि दुसरी, संडासाच्या चावीसह, खालच्या दुकानात. 'शेठाणी काय म्हणेल' यासाठी मंडळाच्या लेटरहेडवर प्रत्येक घरी चिठ्ठी जाईल.

कमाटीबाग_रोज
सहा महिन्यांनी हिशेब मागणार आहे.

लकडीपूल
मागाच.

दुपारचा_चहा
शनिवारी मला सुट्टी असते. तीनपैकी एक दिवस शनिवार ठेवता येईल का?

लकडीपूल
ठेवू. मावशींनाही विचारते, काही घरांत शनिवारी जाळी-पंखे पुसायचे असतात.

फिजिओताई
पहिल्या दिवशी मी रक्तदाबाचे यंत्र आणि शुगरच्या पट्ट्या घेऊन येते. वरचा आकडा १८० च्या पुढे निघाला तर त्या बाईला त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टर. कोणाला छातीत दुखते का, जिना चढताना चक्कर येते का, एवढे नाव लिहितानाच विचारून ठेवा. आणि चहाला साखर कमी.